अंगणाचा हिशेब

सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यास जाणाऱ्या प्रत्येकाला दोन लहान घुमट्या आवर्जून दाखविल्या जातात. त्यांत चुन्यावर उमटलेला एक हाताचा आणि एक पायाचा ठसा जपून ठेवलेला आहे. हे ठसे शिवछत्रपतींचे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. कुरटे बेटावरील या किल्ल्याच्या बांधकामास २५ नोव्हेंबर १६६४ रोजी आरंभ झाला. चुना ओला असतो तोवर पडेल तो ठसा घेतो आणि एकदा घट्ट झाला की घेतलेला ठसा सोडत नाही. ज्याने घडविले त्याची काळजी आणि ज्याने घाई केली त्याची घाई, दोन्ही त्यात कायमची उतरतात.

मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनारपट्टीवरील नव्या घरांपुढे आज जी एक पद्धत दिसू लागली आहे, तिचे मर्म हेच आहे. तिला स्टॅम्प्ड काँक्रीट, म्हणजे ठशाचे काँक्रीट म्हणतात. ओल्या काँक्रीटवर रंगीत भुकटी पसरावयाची, वर रबरासारखे साचे ठेवून ठोकावयाचे आणि दगडी फरशी, वीट किंवा लाकडी फळ्या यांचे रूप त्यास द्यावयाचे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात गेल्या शतकाच्या मध्यास ही कला व्यवसाय म्हणून पुढे आली आणि तेथून जगभर पसरली. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि किनाऱ्यावरील जुन्या घरांना नवे दिवस आले. कोणी पाहुण्यांसाठी निवास-न्याहारीची सोय केली, कोणी व्यापारातून निवृत्त होऊन गावाकडे परतण्याचे ठरविले. घर सजले की त्याच्यासमोरची जागाही सजावी, असे वाटणे स्वाभाविक आहे.

एखाद्या कुटुंबाचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. समजा, कोल्हापुरात धान्याचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाचे जुने घर मालवणपासून काही अंतरावर आहे. मंगलोरी कौलांचे छप्पर, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, समोर सहाशे चौरस फुटांचे सारवलेले खळे, कडेला विहीर. घरात आजी राहतात. मुलाने छायाचित्रे पाहून सगळे अंगण ठशाच्या काँक्रीटचे करण्याचे ठरविले आणि आजींना दूरध्वनीवर सांगितले. आजी एवढेच म्हणाल्या, "कर बाबा, पण मला विहिरीपर्यंत अनवाणी चालता आले पाहिजे आणि पावसाचे पाणी ओटीवर येता कामा नये." या एका वाक्यात निवडीचे बहुतेक सारे निकष आलेले आहेत. पुढील हिशेब त्याच वाक्याचा विस्तार आहे.

जुन्या अंगणाची जमाखर्चाची बाजू

नवे काही घेण्यापूर्वी जुने काय देत होते, ते मांडणे हा व्यापाऱ्याचा पहिला धर्म. कोकणातील खळे दरवर्षी नव्याने जन्म घेते. पाऊस सरला की उगवलेले गवत काढावयाचे, माती टाकून पाणी शिंपावयाचे, पेटण्याने चोपून जमीन घट्ट करावयाची आणि शेणाने सारवावयाचे. या जमिनीवर भात झोडले गेले, आमसुले व सुपारी वाळली, लग्नाचे मांडव उभे राहिले. उन्हात ती फार तापत नाही, पायास मऊ लागते आणि बिघडली तर घरच्या माणसांच्या हातांनी दुरुस्त होते.

तिची खर्चाची बाजूही तितकीच खरी आहे. जून ते सप्टेंबर खळ्यात चिखल होतो. दरवर्षी चोपण्यासाठी आणि दर काही दिवसांनी सारवण्यासाठी माणसे लागतात, आणि गावात आता तीच मिळत नाहीत. म्हातारपणी वाकून सारवणे जमत नाही. ज्या घरात वर्षातील दहा महिने एकटी वृद्ध व्यक्ती राहते, तेथे केवळ परंपरेच्या प्रेमापोटी सारवणाचा आग्रह धरणे म्हणजे दुसऱ्याच्या कंबरेवर आपली हौस भागविणे होय.

चालण्याच्या वाटेचेही असेच आहे. कोकणात उतारावरून जाणारी जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट म्हणजे पाखाडी. जांभा हा सच्छिद्र, लोहयुक्त दगड. तो खाणीतून कापताना मऊ असतो आणि हवेत उघडा राहिला की कठीण होतो. १८०७ साली केरळातील अंगडिपुरम येथे फ्रान्सिस बुकॅनन यांनी त्याला विटेच्या लॅटिन नावावरून लॅटेराइट हे नाव दिले. चिरा झिजला तर एवढाच काढून दुसरा बसविता येतो. सावलीतील जुन्या पाखाडीवर मात्र पावसाळ्यात हिरवट थर चढतो आणि पाय घसरतो, हे कोकणात कोणालाही सांगावे लागत नाही.

पाण्याचा ताळेबंद

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत येतो. सहाशे चौरस फूट म्हणजे सुमारे ५५.७ चौरस मीटर. तीन हजार मिलिमीटरने गुणले तर या एका अंगणावर एका पावसाळ्यात १६७ घनमीटर, म्हणजे सुमारे १ लाख ६७ हजार लिटर पाणी पडते. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्या तासात या जागेवर जवळजवळ २,८०० लिटर पाणी असते. छपरावरून येणारे पाणी वेगळेच.

मातीच्या खळ्यात यातील काही पाणी मुरत असे, उरलेले पाटाने वाहत असे. ठशाचे काँक्रीट म्हणजे अखंड स्लॅब; त्यात जवळजवळ काहीच मुरत नाही. म्हणजे नक्षी निवडण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हे पावणेदोन लाख लिटर पाणी जाणार कोठे? उताराची दिशा चुकली तर ते जोत्याकडे येईल, चिऱ्यांच्या भिंतीत ओल चढेल आणि ओटीवर पाणी येईल. शेजाऱ्याच्या गडग्याकडे सोडले तर पैशात न मोजता येणारा तोटा होईल. विहिरीच्या भोवतालची सगळी जमीन झाकून टाकली, तर पावसाळ्यात मुरणारे पाणी आपणच अडविले, असा अर्थ होतो. त्याची आठवण मे महिन्यात होते.

म्हणून तीन गोष्टी आराखड्यातच लिहून घ्याव्यात. पहिली, उतार घरापासून बाहेरच्या दिशेने, दर १० फुटांस किमान २ इंच असावा. दुसरी, कौलांच्या पागोळ्या जेथे पडतात ती रेषा काँक्रीटच्या बाहेर ठेवावी. तेथे एक ते दीड फूट रुंदीचा खडी भरलेला चर करावा. अन्यथा दर पावसाळ्यात थेंबांच्या माऱ्याने रंगाचा वरचा थर त्या रेषेवर खरवडला जातो. तिसरी, बाहेर जाणारे पाणी शक्य तेथे शोषखड्ड्यात किंवा बागेतल्या आळ्यांत सोडावे. आंबा, फणस, माड यांच्या बुंध्याभोवती मोकळी माती राखणे हेही यातच आले. मुळांना पाणी मिळते आणि वाढणारी मुळे स्लॅब उचलत नाहीत.

खाऱ्या हवेची परीक्षा

किनाऱ्यावरील बांधकामाचा दुसरा सावकार म्हणजे मीठ. त्याची वसुली हळूहळू असते, पण सुटत नाही. भारतीय मानक ४५६ (२०००) हे काँक्रीटचे मूलभूत मानक किनारी वातावरणात उघड्या राहणाऱ्या काँक्रीटची गणना तीव्र परिस्थितीत करते. अशा ठिकाणी लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम-३० दर्जा, दर घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटसाठी किमान एम-२० आणि २५० किलो सिमेंट पुरते.

हे आकडे अभियंत्यापुरते आहेत, असे समजू नये. पोती मोजणे हे व्यापारी घराला कोणी शिकवावे लागत नाही. सहाशे चौरस फुटांवर ४ इंच जाडी म्हणजे २०० घनफूट, म्हणजे सुमारे ५.६६ घनमीटर काँक्रीट. साध्या काँक्रीटला त्यासाठी किमान २८ पोती आणि सळईच्या काँक्रीटला किमान ३६ पोती सिमेंट लागेल, पोते ५० किलोचे धरून. कामावर वीसच पोती उतरली, तर शंका तेव्हाच विचारावी. स्लॅब वाळल्यावर विचारलेल्या प्रश्नाला काँक्रीट उत्तर देत नाही.

केवळ पायी चालण्याच्या वाटेस लोखंडी जाळी टाळावी आणि सांधे जवळजवळ ठेवावेत, हा किनाऱ्यावर सरळ मार्ग आहे. जे लोखंड घातलेच नाही, ते गंजून फुगणार नाही. जेथे मोटार उभी राहणार तेथे जाडी ५ ते ६ इंच धरावी आणि जाळी हवीच असेल तर ती ठोकळ्यांवर उचलून ठेवावी. जमिनीवर पसरलेली जाळी म्हणजे हिशेबात दाखविलेला पण तिजोरीत नसलेला पैसा.

वाळू हा तर किनाऱ्यावरचा नाजूक विषय. समुद्रकिनाऱ्याची वाळू वापरू नये. खाडीची वाळू असेल तर ती गोड्या पाण्याने धुतलेली आहे याची खात्री करावी. काँक्रीट कालविण्यास व नंतर त्यावर मारण्यास पाणीही गोडेच हवे. मीठ राहिले तर रंगीत पृष्ठभागावर पांढरा लोणा फुटतो, आणि गडद रंगावर तो अधिक उठून दिसतो. सिमेंट निवडताना स्लॅग मिश्रित किंवा पोझोलाना सिमेंट क्षारांपुढे अधिक टिकाव धरते. मात्र त्याला पाणी मारण्याचे दिवस अधिक द्यावे लागतात, किमान दहा.

ठसा पडतो तो दिवस

या कामाचे भवितव्य एका दिवसात, खरे तर तीन-चार तासांत ठरते. आधी जमीन खणून, मुरूम वा खडी टाकून, पाणी मारून ती रोलरने किंवा धुमसाने घट्ट करावी. नवी भर घातलेली माती पहिल्याच पावसाळ्यात बसते आणि वरचा सुंदर स्लॅब तडकतो. मग काँक्रीट ओतून सपाट करतात. त्यावर रंगीत कठीणक, म्हणजे सिमेंट, बारीक कठीण खडी आणि रंगद्रव्य यांची भुकटी, दोन वेळा पसरून घासतात. दर चौरस मीटरला साधारण ३ किलो ही भुकटी लागते. तिच्यावर साचा चिकटू नये म्हणून वेगळ्या छटेची निसटण भुकटी शिंपडतात आणि मग साचे ठोकतात. दुसऱ्या दिवशी सुटी भुकटी धुतली की खोलगट भागात गडद छटा राहते आणि दगडाचा भास होतो.

यातील लाल, पिवळा, तपकिरी हे रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे असतात आणि म्हणून उन्हात टिकतात. जांभ्याचा तांबडा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. म्हणजे अंगणाच्या कडेला ज्या दगडाचा गडगा आहे, त्याच दगडाच्या रंगाची भुकटी पिशवीतून विकत आणून आपण अंगणात पसरतो. यात गैर काही नाही. पण नकलेची किंमत देताना अस्सल दगड हाताशी आहे, याचे भान असावे.

हंगाम निवडणे महत्त्वाचे. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि ऊन सौम्य असते. एप्रिल-मेच्या दुपारी वाऱ्याने पृष्ठभाग लवकर सुकतो, साचा अर्धवट उमटतो आणि बारीक तडे जातात. पहाटे काम सुरू करावे. ४ इंच जाडीच्या स्लॅबमध्ये दर ८ ते १० फुटांवर, सुमारे १ इंच खोलीचा सांधा दुसऱ्या दिवसापर्यंत कापावा. काँक्रीट आकसणारच, तडा कोठे जावा हे सांध्याने ठरवावे लागते. हे सांधे नक्षीच्या रेषेत बसविणे ही कारागिराची खरी कसोटी असते. शेवटचा पारदर्शक लेप, ज्याला सीलर म्हणतात, तो स्लॅब पूर्ण सुकल्यावर, साधारणतः चार आठवड्यांनंतरच द्यावा. ओल आत कोंडली तर लेप पांढुरका पडतो.

पाऊल घसरू नये म्हणून

छायाचित्रांत जो ओला, चकचकीत पृष्ठभाग मोह घालतो, तोच घरातील वृद्धांचा शत्रू ठरू शकतो. चकचकीत लेपावर पाणी साचले की पाय सरकतो. साठी-सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे कित्येक घरांत आजींचे चालणेच थांबणे होय. म्हणून लेपात घसरण रोखणारी बारीक पूड मिसळून घ्यावी, चकाकी कमी असलेला प्रकार निवडावा आणि वाटेवर सपाट, उथळ नक्षी ठेवावी. खोल खाचांत काठी अडकते, पाणी राहते आणि कचरा झाडून निघत नाही. गडद राखी व काळा रंग दुपारी तळपतो. अनवाणी चालणाऱ्या घराने फिकट तांबडा किंवा मातकट रंग घ्यावा.

यावर उत्तम उपाय म्हणजे नमुना. सगळे काम देण्यापूर्वी परसात तीन फूट लांब, तीन फूट रुंद तुकडा कारागिराकडून करवून घ्यावा. त्यावर पाणी ओतून घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीने, कोणाचा तरी हात धरून, अनवाणी चालून पाहावे. दुपारी बारा वाजता पुन्हा पाहावे. शंभर छायाचित्रांपेक्षा हे दोन अनुभव अधिक सांगतील. पापड, आमसुले, सुपारी वाळविण्याची जागा मात्र वेगळी ठेवावी; रासायनिक लेपावर खाद्यपदार्थ थेट पसरू नयेत.

शेवाळाचा विचार

जैन घरात या निवडीला आणखी एक पैलू आहे. शेवाळ हे अनंतकाय मानले जाते, आणि चातुर्मासात त्यावर पाय पडू नये म्हणून जाणती माणसे वाट सोडून चालतात. कोकणात जेथे सावली आणि साचलेले पाणी आहे, तेथे पृष्ठभाग कोणताही असो, शेवाळ येणारच. ते आल्यावर तीव्र आम्ल किंवा ब्लीचिंग ओतून घालविणे हा दुहेरी तोटा. जिवांची हानी होते आणि आम्लाने काँक्रीटचा रंगीत थरही खाल्ला जातो.

विवेक याला म्हणावे की ते उगवण्याची परिस्थितीच निर्माण होऊ देऊ नये. पाणी थांबणार नाही असा उतार, वाटेवर ऊन येईल अशी झाडांची छाटणी पावसाच्या बऱ्याच आधी, रोजची हलक्या हाताने झाडलोट, आणि आषाढापूर्वी सुकलेल्या पृष्ठभागावर लेपाची तपासणी. या दृष्टीने ठशाचे काँक्रीट नीट केलेले असेल तर सच्छिद्र जांभ्यापेक्षा सोयीचे ठरते. निष्काळजीपणे केलेले, खोल खाचांचे आणि सावलीतले असेल तर त्याहून वाईट. चातुर्मासात विहिरीकडे किंवा फाटकाकडे जाणारी किमान एक वाट तरी कोरडी व स्वच्छ राहील अशी योजना आधीच करावी.

दरपत्रक कसे वाचावे

कंत्राटदार चौरस फुटाचा एकच दर सांगतो. तो खर्च नव्हे, खर्चाची सुरुवात आहे. पद्धत कळावी म्हणून काही कल्पित आकडे घेऊ. हे बाजारभाव नव्हेत. समजा दर चौरस फुटास १५० रुपये सांगितला. सहाशे फुटांचे ९०,००० रुपये झाले. लेप दर तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल. खाऱ्या हवेत व भर पावसात हे अंतर याहून वाढवू नये. त्यास दर वेळी फुटास १२ रुपये, म्हणजे ७,२०० रुपये धरले, तर पंधरा वर्षांत तिसऱ्या, सहाव्या, नवव्या व बाराव्या वर्षी मिळून २८,८०० रुपये होतात. एकूण १,१८,८०० रुपये. वर्षाला ७,९२० रुपये. हाच हिशेब जांभ्याच्या चिऱ्याचा, कडप्प्याचा, इंटरलॉकिंग ब्लॉकचा स्वतःच्या गावातील दराने मांडावा आणि मग तुलना करावी.

या ताळ्यात एक रकाना बहुतेक जण विसरतात, तो मोडण्याचा. उद्या नळाची किंवा विजेची वाहिनी खालून न्यावयाची झाली तर? ब्लॉक आणि चिरे उचलून पुन्हा बसविता येतात. ठशाचे काँक्रीट कापावे लागते, आणि ठिगळाचा रंग मूळ रंगाशी पूर्ण जुळत नाही. म्हणून काँक्रीट टाकण्यापूर्वीच दोन-तीन रिकाम्या पाइपा आडव्या पुरून ठेवाव्यात. शंभर-दोनशे रुपयांची दूरदृष्टी पुढे हजारो वाचविते.

दरपत्रकात पुढील बाबी स्वतंत्र लिहून घ्याव्यात: खोदाई व भराव, काँक्रीटचा दर्जा व जाडी, रंगीत कठीणकाचे प्रति चौरस मीटर वजन, सांधे, लेपाचे थर, जीएसटी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि सुमारे दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावी, ही अट कामाआधी लेखी असावी. काम संपल्यावर राखलेली रक्कम म्हणजे भांडण. कामाआधी ठरलेली रक्कम म्हणजे करार. मात्र पावसाळ्यानंतर काम ठीक निघाले तर ती रक्कम मागण्याची वाट न पाहता द्यावी. कारागिराच्या घामाचा पैसा अडवून ठेवणे हे कोणत्याही हिशेबात नफ्याचे कलम होऊ शकत नाही. समुद्राच्या अगदी जवळ घर असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम लागू होतात का, हे ग्रामपंचायतीकडे आधी विचारावे.

आजींचे अंगण

आता त्या उदाहरणातील घराकडे परत यावे. हा सगळा हिशेब मांडल्यावर त्या मुलाने सहाशे फुटांचा हट्ट सोडावा, हेच शहाणपणाचे ठरते. फाटकापासून ओटीपर्यंत आणि ओटीपासून विहिरीपर्यंत चार फूट रुंदीची, फिकट तांबड्या रंगाची, उथळ नक्षीची ठशाची वाट करावी. ती लांबी चाळीस फूट धरली तर १६० चौरस फूट झाली. ओटीसमोर दहा फूट लांब, नऊ फूट रुंद अशी बसण्याची जागा, म्हणजे ९० चौरस फूट. उरलेले ३५० चौरस फूट मोकळे ठेवावे: तुळशीवृंदावनाभोवती थोडे सारवलेले खळे, बाकी हिरवळ आणि माडांची आळी. स्लॅबचे क्षेत्र निम्म्याहून खाली आले, खर्चही त्याच प्रमाणात उतरला. पाण्यापैकी जवळजवळ एक लाख लिटरचा वाटा पुन्हा मातीवर पडू लागला, आणि त्यातले जितके मुरेल तितके विहिरीच्या खात्यावर जमा. आजींना सारवावयाचे राहिले ते हौसेपुरते, आणि विहिरीपर्यंतचे पाऊल पावसातही निर्धास्त पडू लागले.

प्रत्येक घराचे उत्तर हेच असेल असे नाही. पाहुण्यांचा राबता असलेल्या घराला मोठी पक्की जागा लागेल. मोठ्या उतारावरच्या घराला पाखाडीच बरी पडेल. जवळ जाणता कारागीर नसेल तर साधे, खरखरीत पृष्ठभागाचे काँक्रीट हे वाईट ठशापेक्षा कधीही चांगले. उत्तर वेगळे असले तरी प्रश्न तेच विचारावेत: पाणी कोठे जाईल, पाय कसा पडेल, जीव कसे जपले जातील, आणि पंधरा वर्षांनी हा खर्च किती दिसेल.

किल्ल्यातील तो चुन्यातला ठसा शतके टिकला. आपल्या अंगणातील ठसा पंधरा-वीस वर्षे टिकला तरी पुष्कळ. पण तेवढ्या वर्षांत त्यावरून नातवंडे धावणार आहेत आणि आजी-आजोबा काठी टेकीत चालणार आहेत. काँक्रीट ओले असते तेव्हाच काय ते ठरवावयाचे असते. म्हणून घाई कारागिराने करावी. घरधन्याने त्याआधी एक पावसाळा अंगणात उभे राहून पाणी कोणीकडे वाहते ते पाहावे.